ब्रेल हाऊस: नाव बोटांनाही कळलं पाहिजे

शाळेतल्या एखाद्या हाऊसला, म्हणजे स्पर्धांसाठी पाडलेल्या मुलांच्या गटाला, अंधांची ठिपक्यांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलचं नाव दिलं की बिल्ल्यावर, झेंड्यावर आणि फलकावर हटकून ठिपक्यांची नक्षी येते. ती छापलेली असते. बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत कापड नाहीतर प्लास्टिक लागतं. वर्षाच्या शेवटी याच हाऊसच्या सेवाकार्याच्या रकान्यात काय असतं? जुने कपडे गोळा केले, एक दिवस फळं वाटली, इतके पैसे जमा केले. यातलं काहीच वाईट नाही. पण हाऊसचं नाव बदलून दुसऱ्या कुणा संशोधकाचं ठेवलं असतं, तरी हेच झालं असतं. मला ते खटकतं, कारण या एका नावात वर्षभर पुरेल इतकं, मुलांच्या हाताला जमणारं आणि कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाचं काम आहे. ते कसं करायचं आणि कुठे फसतं, हे हाऊसचे शिक्षक आणि कॅप्टन यांच्यासाठी इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या नावामागची गोष्ट, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात. लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, फ्रान्समधल्या कुव्रे गावचा. वडील खोगिरं आणि घोड्याचं सामान बनवायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कामाच्या जागी खेळताना चामडं टोचायची आरी डोळ्यात गेली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला. तिथली पुस्तकं म्हणजे नेहमीचीच रोमन अक्षरं, मोठी करून कागदावर उठवलेली. बोटानं एकेक अक्षर चाचपत वाचायचं, आणि लिहायचं तर साधनच नाही. मग फ्रेंच लष्करातले माजी अधिकारी चार्ल्स बार्बिए यांची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. कल्पना उत्तम होती, हेतूही चांगला होता. पण एका चिन्हात सहा-सहा ठिपक्यांचे दोन उभे स्तंभ, म्हणजे बारापर्यंत ठिपके. बोटाच्या टोकाखाली ते एकदम मावत नव्हते. शिवाय ती पद्धत उच्चारांची होती. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. बार्बिए स्वतः डोळस होते, बोटानं वाचणारे नव्हते. वाचणाऱ्या मुलानं, लुईनं, ती हातात घेतली, बाराचे सहा ठिपके केले आणि १८२४ पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपल्या लिपीचा गाभा तयार केला. १८२९ मध्ये ती छापून आली. फ्रान्सनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी.

तेव्हा ब्रेल हाऊसचा पहिला नियम हा, की काय हवं ते वाचणाऱ्याला विचारायचं आणि झालेलं काम त्याच्याच बोटांनी तपासून घ्यायचं. बार्बिएच्या जागी उभं राहायची वेळ आपल्यावर पदोपदी येते.

विचारायचं कुणाला? शाळेत दृष्टिहीन विद्यार्थी किंवा शिक्षक असतील तर त्यांना, नसतील तर जवळच्या अंधशाळेला किंवा संस्थेला. दोन-तीन मुलं आणि एक शिक्षक पुरेत. चाळीस मुलांची बस नेऊ नका. प्रश्न नेमके असू द्यात: कुठली पुस्तकं मिळत नाहीत? कुठले वर्ग, कपाटं, डबे ओळखायला त्रास होतो? वाचक किंवा लेखनिक कुठल्या विषयाला कमी पडतात? ब्रेल वाचणारे किती आणि ऐकून शिकणारे किती? हा शेवटचा प्रश्न विसरला जातो. सगळेच दृष्टिहीन ब्रेल वाचत नाहीत. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली, त्यांच्यातले पुष्कळ जण ऐकून काम भागवतात, आणि अंशतः दिसणाऱ्यांना ठळक मोठी अक्षरंच सोयीची पडतात. न विचारता शंभर ब्रेल कार्डं करून नेली तर ती कपाटात पडून राहतात.

आता लेबलं. सुरुवात इथून करावी, कारण काम छोटं आहे, चूक लगेच कळते आणि दुरुस्त करता येते.

साहित्य थोडं लागतं: ब्रेल पाटी, म्हणजे खिडक्यांची पट्टी आणि तिच्याखाली खळगे असलेली तळपट्टी, स्टायलस (टोचायची टोकदार दांडी), जाड कागद आणि पारदर्शक चिकट प्लास्टिक शीट. सरावाला जुन्या कॅलेंडरची जाड पानं छान चालतात. कायमच्या लिखाणाला साधारण १४० ते १८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद टोचला की फाटतो, नाहीतर दोन वाचनांत ठिपका बसतो. पुस्तकांना घालतात ते पातळ चिकट कव्हरही लेबलांना उपयोगाचं नाही. त्यावरचा ठिपका बोटाच्या दाबानं आत जातो. ताठ शीट हवी, आणि पारदर्शक, म्हणजे खालचं छापील नाव डोळसांना दिसत राहतं.

मापं मुलांना पाठ असावीत. एका घरात, म्हणजे एका चिन्हाच्या जागेत, दोन स्तंभांत सहा ठिपके: वाचताना डावीकडचे वरून खाली १-२-३, उजवीकडचे ४-५-६. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांत साधारण अडीच मिलिमीटर, एका घरापासून पुढच्या घरापर्यंत सुमारे सहा, ओळीपासून ओळीपर्यंत सुमारे दहा, आणि ठिपक्याची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही मापं हौसेनं बदलायची नसतात. बोटाच्या टोकाला दोन टोकं वेगळी जाणवायला त्यांच्यात दोनेक मिलिमीटर अंतर लागतं, म्हणून याहून दाट ठिपके एकमेकांत मिसळतात. आणि भिंतीवर शोभेसाठी लाडवाएवढे गोळे चिकटवले तर ते बोटाखाली मावत नाहीत, ते अक्षर राहत नाही.

मराठी लिहायचं ते भारती ब्रेलमध्ये. भारतीय भाषांसाठी ही सामाईक ब्रेल १९५१ पासून आहे. ती शिकताना डोळस मराठी मुलं तीन ठिकाणी हमखास अडकतात. पहिलं, वेलांटी. छापील ‘कि’ मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये स्वर नेहमी व्यंजनानंतर: आधी क, मग इ. दुसरं, जोडाक्षर. पाय मोडल्याचं चिन्ह, म्हणजे ठिपका ४, हे जोडाक्षराच्या आधी येतं. ‘प्र’ म्हणजे ठिपका ४, मग प, मग र. सवयीनं मुलं ते मधे घालतात. तिसरं, रफार. डोळ्यांना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण ‘सूर्य’ लिहिताना क्रम स, ऊ, ठिपका ४, र, य असाच. थोडक्यात, कसं दिसतं ते विसरून कसं उच्चारतो त्या क्रमानं लिहायचं. आकड्यांआधी अंकचिन्ह, म्हणजे ३-४-५-६. हेच ठिपके ‘ण’चेही आहेत, पण मराठी शब्द ण नं सुरू होत नाही, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र आरशाची. पाटीवर आपण कागदाच्या मागून टोचतो आणि ठिपका पलीकडे उठतो. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि घरातला उजवा स्तंभ १-२-३ धरायचा, डावा ४-५-६. मग कागद उलटला की सगळं सरळ येतं. वाचताना दिसतं तसंच डावीकडून लिहिलं तर काय होतं बघा. ‘हार’ लिहायला घेतला: ह म्हणजे १-२-५, आ म्हणजे ३-४-५, र म्हणजे १-२-३-५. कागद उलटल्यावर र चा होतो २-४-५-६ म्हणजे ठ, आ चा होतो १-२-६ म्हणजे घ, ह चा होतो २-४-५ म्हणजे ज. वाचणाऱ्याच्या बोटाखाली येतं ‘ठघज’. वाईट हे, की प्रत्येक घर खरं अक्षर आहे. क उलटला की ख, इ उलटला की ए, स उलटला की ज्ञ. न वाचणाऱ्या डोळ्याला काहीच चुकलेलं दिसत नाही, आणि असली लेबलं वर्षानुवर्षं दारावर राहतात.

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त सहाही ठिपक्यांची घरं ओळभर, सगळे सारख्या उंचीचे येईपर्यंत. स्टायलस उभा धरायचा. तिरका धरला तर ठिपक्याला एका बाजूला ओरखडा येतो, तो बोटाला टोचतो. ठिपका बसल्याचा बारीक ‘टक’ आवाज ऐकायला शिकवा. कागदाला भोक पडलं तर जोर जास्त झाला. दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव, तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणं. चुकलेलं घर खोडण्यासाठी सहाही ठिपके भरायची पद्धत आहे, पण मराठीत सहा ठिपके म्हणजे ढ. म्हणून लेबलावर खाडाखोड नकोच, नवं करा.

लेबल करताना चिकट शीटचा मागचा कागद आपल्याकडे आणि प्लास्टिकची बाजू खाली ठेवायची, म्हणजे ठिपके प्लास्टिकच्या बाजूला उठतात. उलट ठेवली तर ठिपके डिंकाच्या बाजूला निघतात आणि लेबल चिकटवताच सपाट होतात. लांबी आधी मोजा. ‘ग्रंथालय’ म्हणजे ठिपका ४, ग, र, अनुस्वार, थ, आ, ल, य अशी आठ घरं, सुमारे पाच सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सोडून सहा सेंटिमीटरची पट्टी कापा. मागच्या कागदाचा एक कोपरा टोचण्याआधीच थोडा सोडवून ठेवा, नंतर सोडवताना ठिपके वाकतात. वरचा उजवा कोपरा तिरका कापला की चिकटवणाऱ्याला सरळ-उलट कळतं. पृष्ठभाग पुसून कोरडा करा, पट्टी बसवा आणि कडा दाबा. अंगठा ठिपक्यांवरून फिरवायचा मोह आवरावा लागतो.

लावायचं कुठे, हेही ठरलेलं असावं. खोलीचं नाव दारावर नको. दार उघडं असलं तर लेबल भिंतीकडे जातं, आणि बंद असलं तर वाचणाऱ्याच्या अंगावर उघडतं. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून १२० ते १५० सेंटिमीटरमध्ये, प्रत्येक दाराशी एकाच उंचीवर लावा. जिन्यात कठड्याच्या सुरुवातीला मजल्याचा आकडा. डबे-बरण्यांना अंगावर, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. प्रयोगशाळेतल्या रसायनांची आणि औषधांची लेबलं मुलांनी स्वतःच्या जबाबदारीवर करू नयेत. तिथे मोठं माणूस, ब्रेल वाचणारं माणूस आणि छापील नाव व मुदत झाकली गेली नाही याची खात्री, तिन्ही हवं.

लेबलं सुरळीत झाली की दुसरं काम घ्या. माझ्या मते आज त्याची गरज ब्रेलहूनही मोठी आहे, आणि ते फारसं कुणी करत नाही: मराठी नोट्स आणि प्रश्नसंच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला-संगणकाला कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणं. फोनवरचा किंवा संगणकावरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, युनिकोड मजकूर मराठीत वाचून दाखवतो. पण शाळाशाळांतून फिरणाऱ्या कितीतरी फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफ करून पाठवला तर त्यात मजकूरच नसतो. फाइल कुठली आहे हे ओळखायची सोपी खूण अशी: एक ओळ कॉपी करून फोनच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड, अगम्य चिन्हं आली तर जुना फॉन्ट, काहीच निवडता आलं नाही तर चित्र.

जुन्या फॉन्टची फाइल युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढली तरी जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका उरतात, म्हणून एकानं मूळ पान वाचायचं आणि दुसऱ्यानं फाइल बघायची. शीर्षकं नुसती ठळक करू नका, हेडिंग शैली लावा, म्हणजे ऐकणारा धड्यावरून धड्यावर उडी मारू शकतो. आकृतीच्या जागी दोन-तीन वाक्यांत वर्णन द्या. ‘शेजारील आकृती पाहा’ एवढंच ठेवलं तर विद्यार्थी तिथेच अडतो. आणि शेवटी डोळे मिटून पूर्ण फाइल स्क्रीन रीडरवर ऐका. यात जे सापडतं ते नजरेला सापडत नाही.

ध्वनिमुद्रणाचं काम मुलांना आवडतं, म्हणून त्यात घाईही होते. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फुत्कार येत नाहीत. एक धडा, एक फाइल. फाइलच्या नावात आधी दोन अंकी क्रमांक, नाहीतर दहावा धडा दुसऱ्याच्या आधी वाजतो. सुरुवातीला पुस्तक, धडा आणि पान क्रमांक सांगा, पान बदललं की पुन्हा सांगा. नाटकी वाचन नको. ऐकणारे बरेचदा वेग वाढवून ऐकतात, तेव्हा चढउतार कानाला त्रास देतात. पुस्तकाच्या हक्कांचाही विचार आधी करावा. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रती करण्याची सवलत माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात आहे (तो २०१३ मध्ये झाला आणि २०१६ पासून लागू आहे), पण ती वाचू न शकणाऱ्यांसाठी आणि मुख्यतः अधिकृत संस्थांच्या मार्फत आहे. रेकॉर्डिंग संस्थेकडे द्या, सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकू नका.

लेखनिक आणि वाचक म्हणून जाणाऱ्या मोठ्या मुलांची तयारी वेगळी. परीक्षा मंडळाचा नियम आधी वाचावा, कोण बसू शकतो याच्या अटी असतात. सांगितलं तेच लिहायचं, सुचवायचं नाही, चेहऱ्यानं आणि आवाजानंही नाही. गणित वाचायची रीत आधी बसवून घ्या. ‘अ अधिक ब चा वर्ग’ असं वाचलं तर वर्ग फक्त ब चा की दोघांच्या बेरजेचा, हे कळत नाही. ‘कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’ असं वाचावं लागतं. परीक्षेआधी निदान एक पूर्ण सराव त्याच विद्यार्थ्याबरोबर हवा.

स्पर्शाचे नकाशे आणि आकृत्या सगळ्यात शेवटी घ्या, कारण दिसायला सोप्या आणि करायला अवघड असतात. दोन्ही तळव्यांत मावेल एवढाच आकार. एका आकृतीत एकच गोष्ट: सीमारेषा आणि नद्या, किंवा सीमारेषा आणि शहरं. सीमेला जाड दोरा, नदीला बारीक, पाणी गुळगुळीत ठेवायचं. दोन रेषांत किमान तीन मिलिमीटर मोकळी जागा. खरखरीत पॉलिशपेपर मोठ्या भागाला लावू नका, बोट बधिर होतं आणि मग ब्रेल लागत नाही. डिंक वाळताना बसतो, म्हणून रात्रभर ठेवून मगच तपासायचं.

पैसे गोळा करायचे असतील तर कशासाठी ते आधी लिहून काढा: इतक्या पाट्या, इतका कागद. पेटी बंद, मोजायला दोघं, त्याच दिवशी नोंद. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

हाऊसच्या गुणांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. संख्येला गुण दिले की मुलं एका तासात वीस लेबलं टोचतात आणि त्यातली पंधरा निरुपयोगी निघतात. गुण द्यायचे तर ब्रेल वाचणाऱ्यानं पहिल्या वाचनात बरोबर वाचलेल्या लेबलालाच द्या. मग मुलं आपसात तपासायला लागतात, वेग आपोआप कमी होतो. तपासणाऱ्या माणसाच्या वेळेचा मान ठेवा. ते तज्ज्ञ म्हणून आलेले असतात, मदत घेणारे म्हणून नाही, आणि फलकावर तसंच लिहावं.

डोळ्यांना पट्टी बांधून चालायचा खेळ ४ जानेवारीला, जागतिक ब्रेल दिनाला, बऱ्याच ठिकाणी ठेवतात. माझा त्याला विरोध आहे. पाच मिनिटांत मुलाला फक्त भीती आणि कीव कळते. अंध माणसानं वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य त्यात कुठेच दिसत नाही. त्याऐवजी ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीला बोलवा आणि मुलांनी लिहिलेलं पान सर्वांसमोर वाचायला द्या. कुणाचेही फोटो काढायचे तर आधी विचारा, फोटोत काय दिसतंय आणि तो कुठे जाणार तेही सांगा.

झालेलं काम टिकवायला एक वही लागते: लेबल कुठे लावलं, काय लिहिलं, कधी, कुणी तपासलं. ब्रेल पानं आडवी रचून वर वजन ठेवू नका, ठिपके दबतात. उभी ठेवा, फार घट्ट कोंबू नका, ओलीपासून जपा. वर्ष संपताना ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीबरोबर वही घेऊन सगळ्या इमारतीतून एक फेरी मारा. झिजलेली, सुटलेली, खोली बदलल्यामुळे खोटी ठरलेली लेबलं खूण करून ठेवा. जुनं लेबल केस वाळवायच्या यंत्रानं किंचित गरम केलं की डिंक न राहता निघतं. खुणा केलेली ही यादीच पुढच्या वर्षी हाऊसमध्ये येणाऱ्या नव्या मुलांचं पहिलं काम, आणि यादीत सगळ्यात वर हाऊसचा स्वतःचा फलक: ‘ब्रेल’, ठिपका ४, ब, र, ए, ल, पाच घरं, उठावाची.